चांदणी घरची की विकतची?



आगमनकाळाचा पहिला रविवार आला की आपल्या धर्मग्रामात एक चर्चा हमखास सुरू होते. यंदा नाताळची चांदणी आणि गव्हाणी घरी करायची, की बाजारातून तयार आणायची? वरवर पाहिले तर हा प्रश्न हौसेचा आणि खिशाचा आहे. ज्याला वेळ आहे त्याने करावी, ज्याला परवडते त्याने आणावी, एवढ्यावर तो मिटायला हरकत नाही. त्यावर धर्मगुरूने एवढे लिहावे असे त्यात काय आहे, असेही कोणी म्हणेल.

परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो आमच्या कानावर निरनिराळ्या घरांतून आला आहे. "फादर, मुलगा म्हणतो घरची चांदणी लावू नका, मित्र हसतात. त्याला काय सांगायचे?" असे विचारणाऱ्या आईच्या आवाजात खंत असते. वडील कामावरून दमून आले, जेवण झाल्यावर बांबू तासायला बसले, आईने खळ शिजवली, दोघांनी मिळून कागद चिकटवला. आणि ज्याच्यासाठी हे सारे केले, तो मुलगा ती चांदणी दाराबाहेर टांगू नका म्हणतो. शेजारच्या गॅलरीत रंग बदलणारी प्लास्टिकची चांदणी लुकलुकत असते. तिच्यापुढे आपली चांदणी त्याला गरिबीची पाटी वाटते.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज ज्या मुलाला वडिलांच्या हातच्या चांदणीची लाज वाटते, त्याला उद्या वडिलांच्या धंद्याची, आईच्या बोलीची, आपल्या दोन खोल्यांच्या घराची लाज वाटू शकते. म्हणून या आगमनकाळात आपण या प्रश्नाचा जरा शांतपणे विचार करू या. सजावट घरी करण्यात खरोखर काही मोल आहे काय? आणि असेल, तर ते नेमके कशात आहे?

कोल्हापूरच्या माणसाला हाताने सण सजवणे नवीन नाही. दिवाळी आली की आपल्या गल्लीबोळांतील मुले माती, दगड आणि गोणपाट गोळा करून किल्ला बांधतात. कोणी पन्हाळा करतो, कोणी विशाळगड. बुरूज ढासळतो, पुन्हा लिंपला जातो, अळीव नाहीतर मोहरी पेरून डोंगर हिरवा केला जातो. आकाशकंदीलही पूर्वी बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा घरीच होत असे. आपली नाताळची चांदणी त्याच हातांनी, त्याच सामानातून तयार होत आली. एकसारख्या लांबीच्या पाच कामट्या एकमेकींत गुंफून एक सांगाडा, तसाच दुसरा. दोन्हींची टोके दोऱ्याने बांधायची आणि आतल्या पाच सांध्यांत पाच आखूड काड्या आडव्या बसवायच्या. काड्या बसल्या की चपटा सांगाडा पोट फुगवून उभा राहतो. मग त्यावर कागद आणि आत दिवा. दहा लांब कामट्या, पाच आखूड काड्या, चार-पाच कागद आणि वाटीभर खळ, एवढेच भांडवल.

ही रीत एकट्या आपली नाही. फिलिपिन्समध्ये बांबू आणि कागदाच्या चांदणीला 'पारोल' म्हणतात. तेथे १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत पहाटेच्या मिस्सा होतात, आणि त्या दिवसांत घरोघरी पारोल लटकत असतात. जर्मनीमध्ये मोरावियन पंथाच्या निवासी शाळेत १८३० च्या दशकात अनेक टोकांची कागदी चांदणी प्रथम तयार झाली, ती मुलांना भूमिती शिकवण्याच्या निमित्ताने. क्रोएशिया आणि हंगेरी या देशांत १३ डिसेंबरला, संत लुसीच्या सणादिवशी, घरात ताटलीमध्ये गहू पेरतात आणि नाताळपर्यंत त्याचे हिरवे रोप होते. गोव्यात गव्हाणीसाठी नाचणी पेरतात. घटाच्या मातीत धान्य उगवताना पाहिलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. सणाच्या आधी काही दिवस पेरावे लागते, पाणी घालावे लागते, थांबावे लागते. हे ध्यानात ठेवू या, पुढे कामाला येईल.

आता तत्त्वज्ञानाकडे थोडे वळू. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने माणसाच्या कृतींचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रकार घडवण्याचा. चांभार चप्पल घडवतो, कुंभार मडके घडवतो. येथे कामाचे सार्थक कामाच्या बाहेर, तयार झालेल्या वस्तूत असते. चप्पल चांगली झाली की काम चांगले झाले. दुसरा प्रकार वागण्याचा. आजाऱ्याला भेटणे, मित्राला शब्द देऊन तो पाळणे, एखाद्याला क्षमा करणे. येथे मागे वस्तू काही उरत नाही; त्या कृतीचे सार्थक तिच्या आतच असते. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा उचलला. कारागिराची परीक्षा आपण त्याच्या मनातील हेतूवरून करत नाही, त्याच्या कामावरून करतो, असे ते म्हणतात. चांभार रागावलेला असला तरी चप्पल उत्तम होऊ शकते. सद्गुणी वागण्याचे मात्र तसे नाही. तेथे करणाराच चांगला घडत जातो.

या दोन प्रकारांत एक व्यवहारी फरकही आहे. घडवण्याचे काम दुसऱ्याला सांगता येते. पैसे देऊन वस्तू घेता येते आणि त्यात गैर काही नाही. आपण सगळेच चपला विकत घेतो. वागण्याचे काम दुसऱ्याला सांगता येत नाही. आपल्या वतीने क्षमा करायला माणूस लावता येत नाही. रुग्णालयात पडलेल्या आईजवळ बसायला रोजाने बाई ठेवता येते, तिची सेवाही मोलाची असते. परंतु मुलाचे बसणे ते मुलाचेच बसणे.

मग घरी चांदणी करणे कोणत्या प्रकारात मोडते? आमचे म्हणणे असे, की ते दोन्ही प्रकारांत मोडते आणि आपला सारा घोटाळा तेथेच होतो. वस्तू म्हणून पाहिले तर बाजारची चांदणी बहुधा सरस ठरेल. तिच्या कडा सरळ असतात, तिला पाणी लागले तरी ती फाटत नाही, तिचे दिवे आपोआप नाचतात. मुलगा दोन वस्तूंची तुलना करतो आणि घरची चांदणी हरते. त्या तुलनेत त्याचे चुकत नाही. परंतु चांदणी करणे ही एक वागणूकही आहे. आपल्या घरी पाहुणा येणार आहे म्हणून घरातील माणसे चार संध्याकाळी एकत्र बसतात, ही ती वागणूक. या दृष्टीने पाहिले तर तुलना करायला दुसरी बाजूच उरत नाही. कारण चांदणी दुकानात मिळते, परंतु आपले वाट पाहणे कोठेही विकत मिळत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये मानवी श्रमावर 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे परिपत्रक लिहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुणपणी त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. त्या परिपत्रकातील एक मूलभूत विचार असा, की श्रमाचे मोल ठरवताना पहिली नजर काय तयार झाले यावर नसावी. ते करणारा कोण आहे, यावर असावी. श्रम करणारी व्यक्ती हाच श्रमाच्या मोलाचा पहिला आधार. हे वाक्य कारखान्यासाठी खरे, शेतासाठी खरे आणि घराच्या ओसरीत सांडलेल्या कागदाच्या तुकड्यांसाठीही खरे.

आपल्या कोल्हापूरने हा धडा अलीकडेच एका वेगळ्या प्रसंगाने गिरवला. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. कोल्हापूरचे आणि तेथील कारागिरांचे नाव मात्र घेतले नाही. इकडे केवढा संताप झाला! पुढे कंपनीला त्या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य करावे लागले. आपल्याला राग का आला? वस्तू घेतली आणि ती करणारा हात पुसून टाकला, म्हणून. हा राग रास्त होता. मग परक्याने आपल्या कारागिराचा हात पुसला तर चिडणारे आपण, आपल्याच वडिलांचा हात दारावर दिसू नये असे का म्हणावे?

शुभवर्तमानाकडे पाहू. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येशूजन्माचे वर्णन अगदी थोडक्यात आहे, तरी एक बारकावा त्यात राहिला आहे. बाळाला मरियेने स्वतः बाळंत्यात गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून जनावरांच्या वैरणीची जागा हाच पाळणा झाला. जे हाताशी होते त्यातून आईने आपल्या बाळासाठी जागा तयार केली. आता पुढे पाहा. देवदूत मेंढपाळांना आनंदाची वार्ता सांगतो आणि ओळखीची खूणही सांगतो. आकाश तर त्या वेळी प्रभूच्या तेजाने उजळले होते. एवढे तेज असताना खूण म्हणून त्या तेजाकडे बोट दाखवलेले नाही. खूण दिली आहे ती बाळंत्याची आणि गव्हाणीची. म्हणजे आईच्या हाताने गुंडाळलेले कापड आणि वेळेला सापडलेले एक ओबडधोबड भांडे. तारणारा ओळखायचा तो यावरून. आपल्या घरच्या सजावटीला याहून मोठी प्रतिष्ठा कोण देणार?

गव्हाणीच्या देखाव्याची कथाही हीच शिकवण देते. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी संत फ्रान्सिस असिसीकर नाताळासाठी आले. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्यांनी योहान नावाच्या आपल्या एका स्नेह्याला तयारी करायला सांगितले. तयारी कसली? गव्हाणी, वाळलेले गवत, एक बैल, एक गाढव. मूर्ती नव्हत्या, महागडे वस्त्र नव्हते. रात्री गावकरी मेणबत्त्या आणि मशाली घेऊन डोंगरातील त्या जागी आले, गव्हाणीवर मिस्सा झाली आणि फ्रान्सिस यांनी दीक्षित सेवक या नात्याने शुभवर्तमान गायिले. २०२३ साली या घटनेला ८०० वर्षे झाली. त्याआधी १ डिसेंबर २०१९ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ग्रेच्चोला जाऊन गव्हाणीच्या प्रथेवर एक पत्र प्रसिद्ध केले. गव्हाणी कशी मांडली याला फारसे महत्त्व नाही, ती दरवर्षी सारखीच असेल किंवा बदलत असेल. ती आपल्या जीवनाशी बोलली पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. आईवडील आणि आजीआजोबांकडून मुलांकडे श्रद्धा जाण्याचा तो एक मार्ग आहे, हेही त्यांनी त्यात सांगितले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे फादरांचे उत्तर ठरले: घरी करा, विकत आणू नका. तसे आमचे उत्तर नाही. काही आक्षेप खरे आहेत आणि त्यांना मान दिला पाहिजे.

पहिला आक्षेप वेळेचा. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा माणूस, रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, आईवडिलांचे आजारपण आणि मुलांच्या परीक्षा एकाच वेळी सांभाळणारे घर, यांना आपण अजून एक काम का लावावे? लावू नये. शब्बाथ माणसासाठी केलेला आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, असे प्रभूने शिकवले. सजावटीच्या बाबतीतही तेच लागू. 'घरी केलेले' ही नवी आज्ञा होऊन कोणाच्या मानेवर बसली, तर विकत आणलेली चांदणी शतपटींनी बरी. दमलेल्या आईने तयार चांदणी आणली आणि तिच्याखाली मुलांना जवळ घेऊन रोज संध्याकाळी एक आमच्या बापा म्हटली, तर त्या घराने वाट पाहिली नाही असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप स्त्रियांचा, आणि तो पुरुषांनी नीट ऐकावा. पुष्कळ घरांत 'आम्ही घरी केले' याचा खरा अर्थ 'तिने केले' असा असतो. फराळ तिचा, झाडझूड तिची, पाहुण्यांचे चहापाणी तिचे, आणि आता चांदणीही तिची. बाकीच्यांच्या वाट्याला फोटो काढणे. बेथानीची मार्था पुष्कळ कामांत गुंतून कष्टी झाली होती, हे आपण दरवेळी तिला दोष देण्यासाठी वाचतो. त्या घरात तिच्या जोडीला आणखी दोन हात लागले असते, तर तीही प्रभूपाशी बसली असती, एवढा विचार आपण करावा. वर आम्ही म्हटले की घरची चांदणी ही एकत्र बसण्याची वागणूक आहे. एकटीने राबणे म्हणजे एकत्र बसणे नव्हे. मग ती केवळ वस्तू उरते, आणि वस्तूच हवी असेल तर बाजार समोर आहे.

तिसरा आक्षेप कारागिरांचा. सगळ्यांनीच सगळे घरी केले तर हातावर पोट असलेल्याने काय खावे? हा प्रश्न रास्त आहे. आपला विरोध विकत घेण्याला मुळीच नाही. कामट्या बुरूडकाम करणाऱ्याकडून घ्याव्यात. शाहूपुरी, गंगावेश, पापाची तिकटी, बापट कॅम्प येथील कुंभार बांधव गणेशमूर्ती घडवतात. मातीची गाय किंवा मेंढरू त्यांना सांगून करून घेता येईल, आणि तेव्हा भावात घासाघीस करू नये. इटलीतील नेपल्स शहरात सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक अख्खी गल्ली गव्हाणीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिरांची आहे, आणि तेथील देखाव्यांत बाळ येशूच्या भोवती पाववाले, कोळी, भाजीवालेही असतात. ज्याचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे त्याच्याकडून घेतलेली वस्तू आपल्याला त्या माणसाशी जोडते. जी वस्तू वापरून जानेवारीत कचऱ्यात जाणार, नाल्यातून पंचगंगेला मिळणार, तिच्याविषयी मात्र दोनदा विचार करावा. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली, त्यात सजावटीचे थर्माकोलही आले. त्याच्या तीन वर्षे आधी, २०१५ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरा आणि फेका या वृत्तीबद्दल आपल्याला सावध केले होते. कायद्याच्या आधी विवेकाने जागे व्हावे, ही आपली रीत असावी.

चौथा धोका घरी करणाऱ्यांनाच आहे. तो अहंकाराचा. विकतच्या चांदणीत पैशाचा दिमाख असतो, तसा घरच्या चांदणीत कलेचा दिमाख शिरू शकतो. आमची गव्हाणी पाहा, आम्ही काही विकत आणत नाही! स्पर्धेत पहिला क्रमांक मिळावा म्हणून बाबा मुलाच्या हातातील ब्रश काढून घेतात आणि मुलगा कोपऱ्यात उभा राहून पाहतो. असे झाले की घरची चांदणी आणि बाजारची चांदणी यांत फरक राहिला नाही. शेजाऱ्याने विकत आणली म्हणून त्याची भक्ती कमी, असे मोजमाप तर कोणीच करू नये. बेथानी येथे मरियेने तीनशे दीनारांचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे हा जवळजवळ वर्षभराचा पगार. तिच्यावर उधळपट्टीचा आरोप करणारा यहूदा होता आणि तिची बाजू घेणारा प्रभू होता. म्हणून स्वस्त ते पवित्र, असेही समीकरण आपल्याला मांडता येत नाही. मरियेने ते तेल कोणाच्या हाती पाठवून दिले नाही. ती स्वतः वाकली आणि आपल्या केसांनी तिने ते चरण पुसले. किंमत कितीही असो, त्यात आपण स्वतः किती आहोत, हे पाहावे.

हेच माप आपल्या इतर समारंभांनाही लावून पाहता येईल. मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, बारसे, वाढदिवस, साखरपुडा यांसाठी आता डेकोरेशनवाल्याला सांगितले की फुग्यांची कमान, पडदे, दिवे आणि चौकाचौकांत मोठाले डिजिटल फलक, सारे तासाभरात उभे राहते. ज्यांना झेपते त्यांनी करावे. पण काही घरे यासाठी हातउसने घेतात आणि वर्षभर फेडतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेवरील आपल्या दस्तऐवजात पवित्र कलेसंबंधी सांगताना, नुसत्या भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याकडे लक्ष द्यावे, असे सुचवले. ते मंदिरांसाठी सांगितलेले असले तरी घरांनाही उपयोगी पडेल. दारावर आंब्याच्या पानांचे तोरण, उंबऱ्याशी रांगोळी, टेबलावर मुलांनी कापलेली कागदी फुले. एवढ्याने पाहुण्याला कळते की या घरात आपली वाट पाहिली जात होती.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. मुलाला काय सांगायचे?

आमच्या मते त्याला फार काही सांगू नये. 'लाज वाटू देऊ नकोस' असे म्हटल्याने कोणाची लाज गेलेली नाही. नीट पाहिले तर दिसेल, की ज्या चांदणीची मुलाला लाज वाटते ती बहुधा त्याच्या डोक्यावरून तयार झालेली असते. आईवडिलांनी ती त्याच्यासाठी केली, त्याच्याबरोबर केली नाही. त्याच्यापुढे ती आली ती वस्तू म्हणून, आणि वस्तूची तुलना तो करणारच. त्याच्या हातात कामट्या द्या. सुरी लहान असेल तर तासण्याचे काम वडिलांनी करावे, पण दोरा त्याला बांधू द्या. खळ त्याला लावू द्या, बोटे बरबटू द्या, कागदाचा रंग त्याला निवडू द्या. त्याने चिकटवलेला वाकडा कागद तो झोपल्यावर गुपचूप सरळ करू नका. एक चांदणी मोडली तर मोडू द्या, कामट्या काही सोन्याच्या नाहीत. ज्याने स्वतः आडव्या काड्या बसवून सांगाडा फुगताना पाहिला आहे, तो मुलगा मित्रांना दारापाशी थांबवून 'हे मी केलंय' असे सांगेल. आणि नाही सांगितले, तरी आपल्या वडिलांच्या हातांना काय येते हे त्याला कळलेले असेल. ते ज्ञान त्याला जन्मभर पुरेल.

बंधुभगिनींनो, आगमनकाळाचे चार आठवडे ख्रिस्तसभेने आपल्याला दिले ते वाट पाहण्यासाठी. वाट पाहणे ही रिकामी गोष्ट नाही. तिला हातांचे काम लागते. ताटलीत पेरलेला गहू आपण ओढून वर काढू शकत नाही, परंतु त्याला रोज पाणी घालू शकतो. या नाताळासाठी आपल्या धर्मग्रामाने दोन लहान गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली अशी. प्रत्येक घराने, चांदणी विकतची असो वा घरची, एक तरी वस्तू सगळ्यांनी मिळून हाताने करावी. गव्हाणीतील गवत, मातीचे एखादे कोकरू, कागदाची माळ, काहीही चालेल. त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. त्या संध्याकाळी टीव्ही आणि मोबाइल बंद असावेत, आणि आजीआजोबा असतील तर त्यांना मधे बसवावे. त्यांच्या लहानपणचा नाताळ कसा होता, हे विचारण्यासारखी दुसरी वेळ नाही.

दुसरी गोष्ट अशी. ज्यांना जमेल त्यांनी एक चांदणी जादा करावी. आपल्यात काही घरे अशी आहेत, जेथे यंदा चांदणी लावायला कोणी नाही. मुले परगावी असलेले म्हातारे जोडपे आहे, एकटी राहणारी विधवा आहे. काही घरांत याच वर्षी मृत्यू झाला आहे आणि तेथे उजेड लावायला कोणाचा हात धजत नाही. अशा घरी आधी जाऊन विचारावे. दुःखातील माणसाला नको असेल तर आग्रह करू नये, नुसते थोडा वेळ बसून यावे. त्यांनी हो म्हटले, तर आपल्या मुलांच्या हातची चांदणी त्यांच्या दारी टांगावी. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी या जादा चांदण्या मिस्सेला बरोबर आणा. आपण वेदीपुढे त्यांना आशीर्वाद देऊ आणि मिस्सेनंतर मुलांच्याच हाती त्या त्या घरी पाठवू. कोणाची सरळ, कोणाची वाकडी, हे कोणीही पाहणार नाही.

मातृहस्ताने गुंडाळलेल्या बाळंत्यात आणि उसन्या गव्हाणीत आपल्याकडे आलेला प्रभू, आपल्या हातांच्या कामाला आशीर्वाद देवो आणि आपल्या घरांत त्याची वाट पाहण्याचा आनंद राखो.

प्रभूच्या सेवेत,
आपले धर्मगुरू